झोपवणारे साडू

माणसांना झोपवणारे लोक जगात पुष्कळ आहेत. मी स्वतः गुरुग्राममधल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि आठवड्यातून दोनदा प्रेझेंटेशन देऊन तेच काम करतो, आणि माझ्या हातून झोपी गेलेल्यांत आमचे व्हाइस प्रेसिडेंटही आहेत. पण झोपवलेल्या माणसाच्या उशाशी बसून राहायचं आणि त्याला सुखरूप जागं करूनच घरी जायचं, अशी जबाबदारी घेणारा एकच इसम मी जवळून पाहिलाय. तो माझा साडू आहे. साडूभाऊ भूलतज्ज्ञ आहेत, आणि तेही साधेसुधे नव्हेत. ज्या लहान मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रिया व्हायची असते त्यांना भूल द्यायची आणि नंतर अतिदक्षता विभागात ती मुलं हसती-रडती होईपर्यंत सांभाळायची, एवढंच ते करतात. दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात ते वर्षानुवर्षं हे करत होते. आमच्या सासूबाई लोकांना ओळख करून देताना म्हणायच्या, "माझे मोठे जावई भूल देतात आणि धाकटे भुलक्कड आहेत." यातला धाकटा कोण हे सांगायला नकोच.

त्यांची-माझी पहिली गाठ माझ्या साखरपुड्याला पडली. मी नव्या कुर्त्यात, सगळ्यांच्या विनोदांना भावी जावयाला शोभेल असं मोठ्यानं हसत होतो. समोर एक किडकिडीत, जाड चष्म्याचे गृहस्थ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी हसलो की ते थोडे वाकून आत डोकावल्यासारखं करायचे. शेवटी जवळ आले, माझी मान दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि हळहळून म्हणाले, "तुमचं जरा अवघड दिसतंय हो."

मला वाटलं, घरातला अनुभवी जावई नवख्याला सावध करतोय. ती रात्र मी तळमळत काढली. लग्नानंतर बऱ्याच महिन्यांनी खुलासा झाला. माझी हनुवटी मागे, मान आखूड आणि तोंड जेमतेम उघडणारं. कधी मला भूल द्यायची वेळ आली तर श्वासाची नळी घालणं कठीण जाईल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. हनुवटी झाकावी म्हणून मी दाढी वाढवली. ती बघून ते आणखी खिन्न झाले. "आता मास्कही नीट बसायचा नाही," म्हणाले.

माणसाच्या चेहऱ्यात इतरांना रूप दिसतं, यांना रस्ता दिसतो. आणि मूल दिसलं की वजन दिसतं. बाकीची जनता मुलाला नाव विचारते, शाळा विचारते, साडूभाऊ विचारतात, "किती किलो?" औषधाचा थेंब न् थेंब वजनावर ठरवायचा, त्यामुळे ती सवय हाडीमासी खिळलेली. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्यांनी अध्यक्षीणबाईंच्या चिरंजिवांकडे पाहून "एकवीस, फार तर साडेएकवीस," असं जाहीर केलं. बाईंच्या मते त्यांचं लेकरू काही खातच नव्हतं आणि नुसतं वाळून चाललं होतं. त्या इरेला पडल्या, घरून वजनकाटा आला, आरती खोळंबली. काट्यानं साडूंची बाजू घेतली आणि पुढच्या वर्षी आमच्याकडचा नैवेद्य रांगेत शेवटी गेला. माझ्याकडे बघूनही त्यांच्या ओठावर एकदा आकडा आला होता. मी त्यांच्या हातात लाडू ठेवला.

पाहुणा दारात आला की त्यांचा दुसरा प्रश्न असतो, "शेवटचं काय खाल्लंत, आणि केव्हा?" भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं, म्हणून हे जिभेवर बसलेलं. पण आर. के. पुरममधल्या सगळ्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्यामुळे त्यांची कीर्ती भलतीच पसरली. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, केंद्र सरकारात अधिकारी, त्यांच्या शेजारणी म्हणायच्या, "भाईसाहब कितने प्यार से खाने का पूछते हैं!" त्यांना कुठं ठाऊक, की "अभी खाया" म्हटल्यावर भाईसाहेबांचा चेहरा पडतो.

थंडीशी त्यांचं हाडवैर. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, सगळी ऊब तिथून उडून जाते, असं ते सांगतात आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या एसीचं तापमान वाढवून ठेवतात. सर्जन घामानं निथळतात आणि यांच्याकडे रागानं बघतात. दिल्लीचा डिसेंबर ठीक आहे, पण हे गृहस्थ मे महिन्यात मॉलमध्ये जाताना खिशात दोन-तीन कानटोप्या ठेवायचे. बाहेर डांबर वितळतंय, आणि आमची लेक सई पाच वर्षांची असताना त्या मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात माकडटोपी घालून उभी आहे, असा एक फोटो माझ्याजवळ अजून आहे.

पण मुलांना ते हवेहवेसे वाटत ते त्यांच्या गोष्टींमुळे. गोष्टी सांगण्यात त्यांच्याइतका अर्धवट माणूस मी पाहिलेला नाही, आणि 'अर्धवट' हा शब्द मी मोजून वापरतोय. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेल्या मुलाच्या नाकाशी स्ट्रॉबेरीच्या वासाचा मास्क धरून ते गोष्ट सुरू करतात. उंट मेट्रोत शिरायला बघतोय, मान दारात अडकलीय, गार्ड शिट्टी वाजवतोय... इथवर येईतो मूल झोपलेलं असतं. सबंध कारकिर्दीत त्यांना कुठल्याच गोष्टीचा शेवट करावा लागला नव्हता. घरी सई त्यांच्या मांडीवर बसून टक्क जागी असायची आणि विचारायची, "फिर क्या हुआ, काका? पुढे?"

"पुढे?" काका गडबडून जायचे. "पुढे... बाळा, पुढचं मला कुणी विचारतच नाही गं."

असं सगळं गमतीत चाललं होतं. माझ्या ऑफिसच्या पार्ट्यांत साडूंचे किस्से सांगून मी थोडीफार लोकप्रियताही कमावली होती, कारण स्वतःचे सांगण्यासारखे किस्से माझ्याजवळ नव्हते.

सई सहा वर्षांची असताना एका रविवारी आम्ही आर. के. पुरमला जेवायला गेलो. गेले काही आठवडे ती सकाळी उठली की ओकायची. आम्ही आधी स्कूलबसला दोष दिला, मग दिल्लीच्या हवेला. मी तर इंटरनेटवर वाचून ती गव्हाची अॅलर्जी आहे असं निदान केलं होतं आणि घरात सगळ्यांना ज्वारीची भाकरी सुरू केली होती. त्या दिवशी पानावर बसल्यावर साडूभाऊ नेहमीप्रमाणे बडबडत होते आणि मध्येच बोलायचे थांबले. सई मान एका बाजूला कलती ठेवून जेवत होती. वाटीकडे हात नेला की तो वाटीच्या थोडा पलीकडे पडत होता. पाहत आम्हीही होतो, पण आम्हाला ती नखरे करतेय असं वाटत होतं.

जेवण झाल्यावर ते तिला गच्चीत घेऊन गेले. "चल, दोरीवरची कसरत करू. या फरशीच्या रेषेवरून चालायचं, पावलाला पाऊल लावून." सई निघाली, दोन पावलांत भेलकांडली आणि खिदळत त्यांच्या अंगावर पडली. तेही हसले. "वा! सर्कशीत घेतील तुला," म्हणाले. तिला ताईंकडे सोपवून ते स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "उद्या सकाळी तिच्या डोक्याचा एमआरआय करायचा. मी बोलून ठेवतो."

"भाऊजी, काय आहे?" बायकोनं विचारलं.

"बघू. बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

मी म्हटलं, "अहो, ती ज्वारी सुरू केल्यापासून जरा..." दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी उरलेली भांडी विसळायला घेतली.

लहान मेंदूत गाठ होती. काढावी लागणार होती, आणि लवकर. सर्जनच्या खोलीत आम्ही बसलो तेव्हा मला कळेना काय विचारावं, म्हणून तोंडातून रोजचंच वाक्य निघालं, "तर मग सर, नेक्स्ट स्टेप्स काय?" बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो सर्जनचा निघाला.

भूल अर्थातच साडूभाऊ देणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते नाही म्हणाले.

"का?" मी चिडून विचारलं. "जगातल्या पोरांना देता ना?"

"म्हणूनच नाही," ते म्हणाले. "इंजिनिअर, टेबलावरचं पोर माझ्यासाठी एकोणीस किलो असायला हवं. ही सई आहे. काही बिघडलं तर मी क्षणभर काका होईन, आणि तो क्षण तिला परवडायचा नाही." त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक पंजाबी डॉक्टर होती, दणकट आवाजाची. तिच्यावर त्यांनी काम सोपवलं. तिनं आम्हाला येऊन सांगितलं, "आप लोग टेन्शन मत लो. मुझे सर ने ही सिखाया है, और बहुत डाँट के सिखाया है."

शस्त्रक्रियेच्या सकाळी हाताला सुई लावताना सई रडली नाही. मी मात्र ती सुई पाहून भिंतीच्या आधारानं खाली बसलो आणि तिथून आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा एक नर्स साडूंना विचारत होती, "सर, ये पेशंट कौन से वार्ड का है?" आणि साडू म्हणत होते, "ये पेशंट नहीं है, फादर है." सईला आत नेताना ते तिच्याबरोबर गेले, मास्क लागेपर्यंत तिचा हात धरून उभे राहिले. मग बाहेर आले, डोक्यावरची हिरवी टोपी काढली आणि माझ्याशेजारी स्टीलच्या बाकावर बसले.

यापुढचे तास मी जन्मात विसरणार नाही, आणि त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. भीती वाटली की मला भूक लागते. मी कँटीनमधून ब्रेडपकोडे आणले आणि एकामागून एक खाल्ले. बायको डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. साडूंच्या हातातला चहा निवून त्यावर साय धरली. दार उघडलं की ते उभे राहायचे. बंद झालं की बसायचे. मध्येच म्हणाले, "आता पालथी केली असेल. मान फार वाकता कामा नये. डोळ्यांवर दाब..."

"साडूभाऊ, नका ना सांगू," मी म्हणालो.

त्यांचे नुसते ओठ हलत राहिले. मला फक्त दार दिसत होतं. त्यांना दारापलीकडचा प्रत्येक क्षण आणि त्या क्षणी काय काय बिघडू शकतं, तेही दिसत होतं. इतकी वर्षं त्यांच्या ज्ञानाचा मला थोडा हेवाच वाटायचा. त्या बाकावर तो पार संपला.

"तुम्ही तर रोजच हे करता," मी धीर द्यायला म्हणालो.

"रोज मी आत असतो हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "बाहेर कसं बसायचं ते मला कुणी शिकवलंच नाही."

आता बाहेर बसण्यात मी जन्मजात तज्ज्ञ. प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेर, इंटरव्ह्यूच्या खोल्यांबाहेर, बायकोच्या बाळंतपणात लेबर रूमबाहेर, सगळीकडे माझा अनुभव दांडगा. मी त्यांना सांगितलं की घड्याळाकडे बघायचं नाही. समोरच्या भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या. त्यांनी आज्ञाधारकपणे चष्मा पुसला आणि पाट्या वाचायला लागले. "'शांती बनाये रखे' यात 'रखे'वर अनुस्वार नाही," जरा वेळानं म्हणाले. मी म्हटलं, "शाब्बास. आता हा पकोडा खा." आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ त्यांना देण्यासारखं काही होतं. त्यांनी अर्धा खाल्ला.

ती पंजाबी डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिनं आधी आमच्याकडे नाही, तिच्या सरांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. साडू उठले नाहीत. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसून राहिले.

गाठ साधी निघाली. सगळी काढता आली होती. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात श्वासाची नळी काढल्यावर सई "आई" म्हणाली, मग "पाणी" म्हणाली. मी धावत जाऊन पेढे आणले आणि दिसेल त्याला वाटले. लिफ्टमधल्या एका अनोळखी गृहस्थांनी दोन घेतले. साडूभाऊंनी एकही घेतला नाही. "जरा थांबा," एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला.

तिसऱ्या दिवशी सई बोलायची थांबली. डोळे उघडे, आम्हाला ओळखत होती, आई दिसली की पाणी यायचं डोळ्यांत. पण ओठांतून शब्द येईना. सर्जननं सांगितलं की मेंदूच्या या भागातल्या शस्त्रक्रियेनंतर काही मुलांचं असं होतं. वाचा बहुधा परत येते. कधी, ते सांगता येत नाही. साडूंना हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणून पेढा नाकारला होता.

मग आठवड्यांमागून आठवडे गेले. आधी अतिदक्षता विभागात, नंतर वॉर्डात, नंतर घरी. बायको तिला भरवायची, व्यायाम करवून घ्यायची, चोवीस तास तिच्याशी बोलायची. मला ते जमत नसे, म्हणून मी तिचे पाय चेपायचो. आणि रोज ड्यूटी संपली की साडूभाऊ यायचे, खुर्ची ओढायचे आणि गोष्ट सुरू करायचे. आता पंचाईत अशी, की समोरचं पोर झोपत नव्हतं. डोळे त्यांच्यावर लावून पडून राहायचं. गोष्ट पुढे न्यावीच लागे, आणि पुढचा रस्ता तर त्यांना माहीतच नव्हता. एकदा मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. "इंजिनिअर, उंटाची मान मेट्रोच्या दारात अडकलीय. काढायची कशी?" मी फोन हातानं झाकून टीमला विचारलं. आमच्यातल्या एका हुशार मुलीनं बोर्डावर आकृती काढून दाखवली. मॅनेजरना वाटलं, हे नव्या क्लायंटचं सांकेतिक नाव आहे; ते म्हणाले, "कॅमल को प्रायॉरिटी दो." तरीही साडूंच्या गोष्टींचे शेवट भयंकरच व्हायचे. उंट असो, राक्षस असो, राजकन्या असो, अखेर सगळे घरी जाऊन वरणभात खायचे आणि गोष्ट संपायची.

एके दिवशी घरी ते एका पोपटाची गोष्ट सांगत होते. पोपट पासपोर्ट काढायला निघाला होता आणि ती कहाणी इतकी लांबली होती की मी स्वतः डुलक्या घेत होतो. खोलीत एक बारीक, खरखरीत आवाज आला.

"काका..."

साडू थांबले.

"चुप," सई म्हणाली.

बायकोच्या हातातून वाटी पडली. साडूभाऊ खुर्चीवरून उठले, धडपडत बाहेर जिन्यात गेले आणि शेजारचं दार वाजवून त्या बिचाऱ्या सरदारजींना सांगू लागले, "मला गप्प बस म्हणाली! चुप बोली मुझे! चुप!" सरदारजींनी काही न समजता त्यांना मिठी मारली. मी त्यांना आणायला गेलो तेव्हा ते पायरीवर बसले होते, चष्मा हातात होता आणि जिना सोडून भलतीकडेच बघत होते. मी शेजारी बसलो. आम्ही दोघंही रडलो, पण साडू-साडूंच्या नात्यात त्याचा उल्लेख पुन्हा कधी झालेला नाही.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. बोलणं आधी अडखळत, हेल काढून यायचं. चालणं वॉकर धरून, मग भिंत धरून, मग माझं बोट धरून. आता सई सहावीत आहे. दमली की अजून डावीकडे जरा झुकते आणि अक्षर माझ्यासारखंच वाईट आहे. ते कशामुळे याबद्दल घरात दोन मतं आहेत. इस्पितळातलं तिला जवळजवळ काही आठवत नाही. सर्जनकाका आठवतात, दर वर्षी तपासणीला त्यांच्यासाठी ती स्वतः कार्ड करून नेते. ती पंजाबी डॉक्टर आठवत नाही. पोपट आठवत नाही. मी एकदा साडूंना म्हणालोही, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"अहो, आठवू नये म्हणून तर औषध देतो," ते म्हणाले. "त्यांना आठवलं, तर समजायचं आमचं काहीतरी चुकलं."

गेल्या महिन्यात ताईंची बदली नागपूरला झाली. साडूभाऊंनीही तिथल्या एका इस्पितळात काम घेतलं. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. सामान चढवलं, ताई आणि माझी बायको एकमेकींचे हात सोडेनात. साडू डब्याच्या दारात उभे राहून सईला म्हणाले, "अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको," म्हणजे कुठलाही काका सांगतो तेच. तिनं एका कानातला इअरफोन काढला, "हो काका, बाय," म्हणाली आणि परत घातला. गाडी हलली. ते हात करत राहिले. दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

परतताना द्वारकेच्या मेट्रोत आम्हाला बसायला जागा मिळाली. सईनं दोन्ही इअरफोन काढले.

"बाबा, एक बात बताओ. काका मुलांना झोपवतात, ते तर दोन मिनिटांत होत असेल ना?"

"हो. साधारण तेवढंच."

"मग ऑपरेशन तर किती तास चालतं. तोपर्यंत काका काय करतात?"

मी सांगायला तोंड उघडलं. श्वास, रक्त, ऊब, थेंब थेंब मोजलेली औषधं, कितीतरी गोष्टी होत्या. पण बायको खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात सईच्या गुडघ्यावर होता.

"काही नाही गं," मी म्हणालो. "जवळ बसून असतात."

"बस, इतनाच?"

"इतकंच," मी म्हणालो.